फीड पंपाचा काही दोष नव्हता

आमची सहा चाकी ट्रक 2009 ची, 24 व्होल्टची. वर्षातले आठ महिने चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड वाहते, आंबा सुरू झाला की वाशी. मीच मालक, मीच ड्रायव्हर. बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहे. हे आधीच सांगतो, कारण "गाडीतलं कळत नसेल म्हणून फसला" असं म्हणणारे भेटतात. कळत होतं, तरी फसलो.

मार्चच्या शेवटी गाडीने नखरे सुरू केले. सकाळी लागायची नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचं प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल वर चढवायचं बटण, तीस-चाळीस वेळा दाबलं की मग कशीबशी लागायची. आंबा घाटात चिरा भरून चढताना मधेच ओढ जायची. धूर नाही, वेगळा आवाज नाही. आणि टाकी फुल असली की गाडी एकदम शहाण्यासारखी चालायची, अर्ध्याखाली आली की तमाशा. हे माझ्या डोळ्यासमोर होतं. पण त्याचा अर्थ लावायला दुसरा माणूस भेटावा लागला, आणि तोवर पैसे गेले होते.

हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. नाव लिहीत नाही. मेस्त्री गोड बोलणारा, चहा आधी, बोनेट नंतर. त्याने फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला केला आणि प्रायमर मारलं. फसफस करून बुडबुडे आले.

"बघा शेट, पंप हवा मारतोय."

आता इथे थांबा. फीड पंप हवा तयार करत नाही, तो फक्त ओढतो आणि ढकलतो. आमच्या गाड्यांत तो इंजिनात डिझेल मारणाऱ्या मोठ्या डिझेल पंपाच्या कुशीला बोल्ट केलेला असतो. आतल्या कॅमने दट्ट्या हलतो, टाकीतून डिझेल खेचून फिल्टरमार्गे मोठ्या पंपाला देतो. म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची. त्या लाइनीत कुठे चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली जमीन कोरडी ठणठणीत, आणि गाडी एअर पकडते. बुडबुडे दिसले याचा अर्थ एवढाच की मागून कुठूनतरी हवा येतेय.

हे मला तेव्हा सुचलं नाही, कारण लगेच त्याने ऑइलची पट्टी बाहेर काढली. अंगठ्यावर थेंब घेऊन दोन बोटांत चोळला, माझ्या नाकाशी धरला. "पातळ झालंय. पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. इंजिन बसलं तर लाखाला खड्डा." असं होतं, हे खोटं नाही. फीड पंपाचा दट्ट्या किंवा सील झिजलं तर डिझेल आत उतरतं. पण मग पट्टीवर ऑइलची पातळी वाढते. माझी वाढली नव्हती, उलट खुणेच्या किंचित खालीच होती. डिझेल इंजिनचं गरम ऑइल काळं आणि पातळच असतं हो! पण लाख रुपये हा शब्द कानात गेला की पट्टीवरची खूण दिसत नाही.

वर आणखी, पाच दिवसांनी पावसच्या एका बागायतदाराच्या पेट्या भरायच्या होत्या. हे मीच त्याला सांगितलं होतं. घाई आहे असं मेस्त्रीला कधी सांगू नये, एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

"जुना पंप दुरुस्त करून उपयोग नाही. इलेक्ट्रिकच टाकू. नव्या गाड्यांना सगळ्यांना तोच येतो." हे अर्धं खरं. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या, बऱ्याच गाड्यांना टाकीकडून ढकलणारा इलेक्ट्रिक पंप असतो, पण तो त्या गाडीसाठी बनवलेला असतो. माझ्या गाडीला त्याने चॅसिसवर टाकीजवळ एक लहानसा चौकोनी पंप बसवला, जुना फीड पंप काढून त्या जागी पत्र्याची प्लेट मारली आणि चिठ्ठीवर हिशेब लिहिला: पंप 7,800, वायरिंग 1,200, मजुरी 2,500. एकूण 11,500. बिल मागितलं तर "बिलाचे पुन्हा वेगळे लागतील". जुना पंप मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि गाडी चालली! चावी फिरवली की मागून बारीक गुणगुण, लगेच स्टार्ट. वाशीच्या दोन खेपा मारल्या. त्या मेस्त्रीची मी तीन जणांकडे स्तुती केली, हे सांगायला आज लाज वाटते. दुसऱ्या खेपेला मार्केटमध्ये गाडीखाली डोकावलो तर चॅसिसवरचा होस पाइप ओला, त्यावर धुळीचा लेप. कुणीतरी सांडलं असेल, असं समजून पुसून टाकलं.

तिसऱ्या खेपेला, बाराव्या दिवशी, चिपळूण सोडून परशुराम घाट चढताना गुणगुण थांबली. रात्रीचे साडेदहा. पाठीमागे पेट्या, खाली वाशिष्ठी, आणि गाडी मेलेली. पंपाला हात लावला तर चटका बसला. सेल्फ मारलं तर नुसतं टक्. आणि प्रायमर? ते जुन्या फीड पंपावर होतं. पूर्वी असं झालं असतं तर रस्त्याच्या कडेला हाताने डिझेल वर काढून निघून तरी गेलो असतो. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवायला तीन वाजले. त्या गाडीचं भाडं, हमाली आणि मार्केटला उशिरा लागलेल्या मालाचा पडलेला भाव माझ्याच खिशातून गेला.

सकाळी चिपळूणहून एका चाचांना आणलं. सत्तरीचा माणूस, आयुष्य डिझेल पंपांवर गेलेलं. त्यांनी आधी पंप पाहिला. वरचा 24 व्होल्टचा स्टिकर डिझेलने भिजून अर्धा सुटला होता. नखाने ओढला तर खाली बॉडीवर कोरलेलं: 12. गाडीत 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या गॅरेजवाल्या मेस्त्रीने मधल्या जोडावरून वायर काढून पंप एकाच बॅटरीवर चालवला होता. ती रोज थोडी थोडी खाली होत गेली, आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी आटलं. दोन्ही बदलाव्या लागल्या. वायरीला फ्यूज नाही. इंजिन बंद पडलं तर पंप आपोआप थांबायला हवा, तशी काहीच सोय नाही. उद्या गाडी पलटी झाली असती तर चावी चालू असेपर्यंत हा डिझेल ओततच राहिला असता.

मग चाचा गाडीखाली शिरले आणि तो ओला होस पाइप बोटात धरून वाकवला. क्लिपच्या मागे, नखाएवढी चीर.

"होस बघितलास काय आधी?"

तेव्हा टाकी फुल आणि टाकी अर्धी याचं गणित जुळलं. टाकीत डिझेल वर असताना पंपाला ओढ कमी लागत होती, म्हणून हवा येत नव्हती. आणि इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ लागल्यावर तीच लाइन ढकलण्याची झाली. ज्या चिरेतून हवा आत येत होती, त्याच चिरेतून आता डिझेल बाहेर यायला लागलं. गाडी सुधारली नव्हतीच, दुखणं फक्त उलटं झालं होतं.

चाचांनी सांगितलेली परीक्षा दहा मिनिटांची आहे. टाकीची लाइन सोडायची, फीड पंपाला नवा होस लावून त्याचं टोक डिझेलच्या डब्यात बुडवायचं आणि एअर काढून गाडी चालवून बघायची. डब्यावर गाडी नीट चालली तर पंप ठीक, दोष मागच्या लाइनीत. एवढं करून दाखवल्याशिवाय फीड पंप काढू देऊ नका, मेस्त्री कितीही रागावू दे.

होस, चार क्लिपा आणि तांब्याचे वॉशर: 280 रुपये. वर नवा फीड पंप 2,400 चा, कारण जुना नव्हताच.

तो मागायला गॅरेजवर गेलो. "भंगारात गेला, शेट." आतल्या फळीवर चंदेरी रंग मारलेले तीन फीड पंप ओळीने सुकत होते. त्यातला माझा कुठला, हे मला सांगता येईना. ओळखीच्या वकिलांना विचारलं. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा ग्राहक आयोगात जाऊ शकतो म्हणाले, 1915 या हेल्पलाइनवरही तक्रार करता येते. पण पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेली चिठ्ठी, तीही सहीशिवाय.

नव्या पंपाच्या बॉडीवर मी पंचने दोन टिंबं मारून ठेवली आहेत. चाचा ती बघून हसले आणि म्हणाले, मोठ्या पंपावरपण मार.