इस्ट्रोजेन नसलेली गोळी : नऊ महिन्यांनंतर

अर्धशिशी माझी जुनीच. पण गेल्या वर्षी डोकं ठणकायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा यायला लागल्या. डॉक्टरांनी तेवढं ऐकलं आणि आधीची गर्भनिरोधक गोळी त्याच दिवशी बंद केली. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. बदल्यात आली डेसोजेस्ट्रेल, ७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे इस्ट्रोजेन नसलेली गर्भनिरोधक गोळी. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू केली, त्यामुळे पहिल्या गोळीपासूनच संरक्षण मिळालं.

पाकिटात २८ गोळ्या, सगळ्या औषधाच्याच. मध्ये सात दिवसांचा खाडा नाही. आज पाकीट संपलं की उद्या दुसरं. मला खाड्याची इतकी सवय, की पहिलं पाकीट संपल्यावर थांबणारच होते!

वेळ रात्री साडेनऊची. हिला बारा तासांपर्यंत उशीर झाला तरी चालतो. नॉरएथिस्टेरोनच्या मिनी पिलला (तीही इस्ट्रोजेन नसलेलीच गोळी) तीनच तास मिळतात. माझ्यासारख्या विसरभोळीचं तिथे काही खरं नव्हतं. तरी एकदा फोन बंद पडला आणि गोळी आठवली ती थेट दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला. आठवल्याबरोबर घेतली, रात्रीची रात्री घेतली. पुढे किती दिवस कंडोम? डॉक्टर म्हणाल्या दोन, पाकिटातला कागद म्हणतो सात. मी सात पाळले. तेव्हापासून पाकीट टूथब्रशच्या पेल्याला टेकवून ठेवते. आणखी एकदा गोळीनंतर तासाभरात उलटी झाली, तेव्हा लगेच दुसरी घेतली.

खरा वैताग रक्तस्रावाचा. पहिल्या महिन्यात अकरा दिवस नुसते तपकिरी डाग. पॅड लावावं तर वाया, न लावावं तर कपडे खराब. मग सहा आठवडे काहीच नाही. घाबरून चाचणी केली, निगेटिव्ह. हे होणार हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि रोज पहाटे चादर तपासणं वेगळं. चौथ्या महिन्यानंतर डाग विरळ झाले, पण तारीख अजून सांगता येत नाही. हनुवटीवर दोन-चार पुटकुळ्या कायमच्या आल्या. वजन होतं तेवढंच आहे.

फिट्सची कार्बामाझेपिन किंवा क्षयाची रिफाम्पिसिन चालू असेल तर ही गोळी भरवशाची राहत नाही, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा.

अर्धशिशी अजून येतेच. उद्या दहावं पाकीट उघडायचंय. पलंगावर मात्र अजून गडद चादरीच आहेत.