सोयाबीनचं राइझोबियम कल्चर, २०० ग्रॅम: माल चांगला, दुकान बेकार

५ पैकी ४ स्टार. कापलेला एक स्टार दुकानाचा आहे, पाकिटाचा नाही.

सांवेरकडे आमची थोडी जमीन आहे, बघतात काका, मी इंदूरहून सुटीला जाऊन फुकटचे सल्ले देतो. यंदा बियाण्याला कल्चर (हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, पिकाला मिळवून देणारे जिवाणू) लावायचंच म्हणून इंदूरच्या छावणीतल्या एका दुकानात गेलो तर पाकिटं काउंटरवर, थेट उन्हात! अहो त्यात जिवंत जिवाणू आहेत, शेव नाहीये ती. आतलं द्या म्हटलं तर "सब एक ही है भिया". शेवटी हट्टाने गोदामातलं काढायला लावलं, एक्सपायरी बघून. आणि सोयाबीनचंच आहे ना ते बघा, हरभऱ्याचं कल्चर सोयाबीनला चालत नाही, जिवाणू वेगळा असतो.

वापरायला सोपं आहे. एक पाकीट साधारण १० किलो बियाण्याला, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवायचं, हलक्या हाताने चोळायचं (जोरात चोळलं की साल निघते), सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी. हे पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात छापलंय की काकांनी चष्मा लावूनही वाचायला माझ्याकडेच दिलं.

फुलं यायच्या सुमाराला एक रोप खुरप्याने उकरून काढलं, ओढून काढू नका, हे जिवाणू ज्यात राहतात त्या मुळांवरच्या गाठी मातीतच तुटून राहतात. मूळ धुतलं तर वरच्या भागात मस्त ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, नखाने फोडली तर आत गुलाबी-लाल, म्हणजे काम चालू. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, ते ऑक्सिजन आटोक्यात ठेवतं, नाहीतर नत्र पकडणारं एन्झाइम खराब होतं. आत हिरवट निघाली तर समजा ती गाठ संपली. खरं सांगायचं तर कल्चर न लावलेल्या पट्ट्यातही गाठी होत्याच, फक्त कमी आणि विखुरलेल्या, कारण आमच्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीनच आहे आणि जुने जिवाणू मातीत असतातच. नव्या रानात फरक जास्त दिसेल.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की पिकाला उपयोग शून्य. युरियाच्या कारखान्यात आधी अमोनिया करायला ४००-५०० डिग्री तापमान आणि प्रचंड दाब लागतो, इथे गाठीत तेच काम साध्या पावसाळी हवेत होतं. फुकट नाही हां, झाड त्यासाठी जिवाणूंना आपली साखर देतं, म्हणून वरून भरपूर युरिया टाकला की झाड गाठी धरायचा कंटाळा करतं. हे काकांना कोण सांगणार, त्यांचा हात सैलच.

दुकानदार म्हणाला होता पुढच्या गव्हाला युरिया लागणारच नाही. थापा. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं आणि प्रोटीन बनतं नत्रापासून, म्हणजे बहुतेक नत्र ट्रॉलीत बसून मंडीत जातं, रानात उरतो तो पाला आणि मुळं, ते कुजून जे मिळेल ते. त्यात आपली काळी माती, पाणी साचलं की दुसरेच जिवाणू नायट्रेटचा (मातीतल्या नत्राचा) वायू करून परत हवेत सोडतात. गव्हाचा युरिया थोडा कमी करा, बंद नका करू.

पुढच्या जूनला परत घेणार, दुसऱ्या दुकानातून. घरी आणल्यावर सावलीत थंड जागी ठेवलं तरी चालतं, काकूने फ्रीजमध्ये ठेवूच दिलं नाही.