रगडा मागू नका

सातारा-कोरेगाव रस्त्यावर एका निवृत्त हवालदारांची खानावळ आहे. माझे वडील, अप्पा, मराठा लाइट इन्फंट्रीतले, म्हणून रविवारी त्यांना मुद्दाम घेऊन गेले. पाटीवर खानावळीऐवजी 'लंगर' लिहिलंय. गुरुद्वारा समजून कोणी फुकट जेवायला येऊ नये! फौजेत स्वयंपाकघराला हाच शब्द.

रविवारच्या थाळीचं नाव 'बडा खाना', 220 रुपये. पलटणीत बडा खाना म्हणजे साहेब आणि जवान एकत्र जेवतात तो दिवस. मटण झणझणीत, भाकरी तव्यावरून थेट ताटात. डाळ मात्र पाणचट. अप्पा म्हणाले, "हीच खरी लंगरची डाळ," आणि दोनदा घेतली.

माझ्या लेकानं रगडा पॅटिस आहे का विचारलं. मालक गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "रगडा पाहिजे? मग बाहेर मातीत दहा फ्रंट रोल मार." फौजेत रगडा म्हणजे शिक्षा. पोरगं घाबरलं, अप्पा हसून हसून ठसकले.

वाढणाऱ्या नव्या पोराला सगळे 'रंगरूट', म्हणजे नवा भरती झालेला, म्हणतात. तो पाणी आणायला तीनदा विसरला. बिलालाही वीस मिनिटं लागली, पण त्यात चूक आमचीच. मालक आणि अप्पा गल्ल्यापाशी उभे राहून पलटणीच्या बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या 'लंगर गप' उगाळत होते. लंगर गप म्हणजे स्वयंपाकघरात उठलेली अफवा: कोणाची बदली, कोणाची सुट्टी रद्द. चाळीस वर्षं जुन्या अफवा, तरी दोघांचे आवाज खाली!

गाडी लावायला जागा नाही. मटण दीडपर्यंत संपतं.