फोन निवडताना पर्यावरण अहवाल कसा वाचावा: ॲपल आणि फेअरफोन

नवा फोन घेताना किंमत, कॅमेरा आणि बॅटरी यांच्याबरोबर पर्यावरणाचाही विचार करणाऱ्या ग्राहकाला आज माहितीची वाण नाही. अडचण आहे ती ही, की दोन कंपन्यांनी दिलेले आकडे एकाच तराजूत तोलता येतील असे नसतात. हा फरक समजावा म्हणून येथे दोन टोकांच्या कंपन्या घेतल्या आहेत. एक म्हणजे जगभर कोट्यवधी फोन विकणारी अमेरिकेतील ॲपल आणि दुसरी म्हणजे २०१३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे स्थापन झालेली, तुलनेने अगदी लहान असलेली फेअरफोन. फेअरफोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. नेदरलँड्स, जर्मनी अशा देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनाच ही निवड प्रत्यक्ष करता येते. तरीही पुण्या-मुंबईत दुसऱ्या कोणत्या कंपनीचा फोन घेणाऱ्यानेही फेअरफोनचा अहवाल चाळून पाहावा, असे मला वाटते, कारण चांगल्या अहवालात काय असायला हवे हे त्यातून कळते.

दोन्ही कंपन्यांनी २०२१ च्या शरद ऋतूत फोन आणले: आयफोन १३ आणि फेअरफोन ४. ॲपलच्या उत्पादन अहवालानुसार १२८ जीबीच्या आयफोन १३ चा संपूर्ण आयुष्यातील कार्बन भार ६४ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य (सगळे हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजून) इतका आहे. फेअरफोन ४ साठी हाच आकडा सुमारे ४३ किलो आहे. दोन्हींनी वापराचा काळ तीन वर्षांचा धरला आहे. हे वाचून कोणीही म्हणेल की फेअरफोन एक-तृतीयांशाने हलका आहे आणि प्रश्न मिटला. तसे म्हणता येत नाही. चिपच्या निर्मितीत किती सिलिकॉन लागते, कोणत्या देशातील वीज वापरली जाते, स्क्रीनचा कारखाना किती ऊर्जा घेतो, यासाठी प्रत्येक अभ्यासात वेगवेगळी आधारसामग्री वापरली जाते, आणि त्या सामग्रीतील फरक कधी कधी दोन फोनमधील खऱ्या फरकाहून मोठा असू शकतो. ॲपलने स्वतःच्या पुरवठादारांकडून गोळा केलेली माहिती वापरली म्हणून तिचा आकडा वाढला असेल किंवा कमीही झाला असेल. बाहेरून पाहणाऱ्याला ते ठरवता येत नाही. म्हणून एका कंपनीचा आकडा त्याच कंपनीच्या आधीच्या किंवा नंतरच्या फोनशी ताडून पाहणे योग्य, दुसऱ्या कंपनीच्या फोनशी नव्हे. उदाहरणार्थ, आयफोन १३ चा ६४ किलोंचा आकडा आयफोन १४ साठी ६१ किलोंवर आला, ही तुलना अर्थपूर्ण आहे.

मग निवड करणाऱ्याने काय पाहावे? माझ्या मते पहिला प्रश्न हा, की हिशोब कोणी केला आणि तो तपासता येतो का. येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे: जर्मनीतील फ्राउनहोफर या संशोधन संस्थेचे नाव दोन्ही कंपन्यांच्या कागदपत्रांत येते, पण दोन ठिकाणी तिची भूमिका वेगळी आहे. ॲपल आपला हिशोब स्वतः करते आणि त्यावर फ्राउनहोफरकडून परीक्षण करून घेते. फेअरफोनच्या बाबतीत फ्राउनहोफरच्या संशोधकांनीच जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतच्या भाराचे मोजमाप, केले आणि तो संपूर्ण अभ्यास सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. एखाद्या संस्थेच्या जमाखर्चावर लेखापरीक्षकाची सही असणे आणि खतावणीच सभासदांपुढे उघडी असणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. पहिल्यात लबाडी आहे असे नाही. पण दुसऱ्यात वाचकाला स्वतः पाने उलटून पाहता येतात.

त्या खुल्या अभ्यासातून जे हाती लागते ते खरोखर मोलाचे आहे. फोनचा कोणता भाग किती भार टाकतो हे त्यात सुटे करून दाखवलेले असते, आणि सर्वांत मोठा वाटा इंटिग्रेटेड सर्किटचा, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्या चिपचा आहे हे स्पष्ट दिसते. प्लास्टिकची पाठ किंवा खोक्याचा पुठ्ठा यांचा वाटा त्यापुढे किरकोळ ठरतो. शिवाय केवळ हरितगृह वायूंवर न थांबता खनिजांचा ऱ्हास आणि विषारीपणा यांचेही मोजमाप फेअरफोनच्या अभ्यासात आहे. ॲपलचा उत्पादन अहवाल मोजक्या पानांचा आणि वाचायला सोपा असतो. त्यात हरितगृह वायूंचा एकच आकडा निर्मिती, वाहतूक, वापर आणि विल्हेवाट अशा टप्प्यांत विभागून दिलेला असतो, पुनर्वापरित धातूंचे प्रमाण सांगितलेले असते, पण सुट्या भागांचा हिशोब नसतो. ज्याला पंधरा मिनिटांत समजून घ्यायचे आहे त्याला ॲपलचा अहवाल अधिक सोयीचा वाटेल, आणि ही सोय मी क्षुल्लक मानत नाही.

कंपनीच्या एकूण कारभाराकडे पाहिले, तर पारडे ॲपलकडे झुकते. २०१५ मध्ये ३.८४ कोटी टन असलेले तिचे एकूण उत्सर्जन २०२४ च्या आर्थिक वर्षात १.५३ कोटी टनांवर आल्याचे ती सांगते, आणि या आकड्यात केवळ तिची कार्यालये व दुकाने नव्हेत, तर पुरवठादारांचे कारखाने आणि ग्राहकांनी फोन चार्ज करण्यासाठी वापरलेली वीजही मोजलेली आहे. हे महत्त्वाचे आहे, कारण हरितगृह वायूंच्या हिशोबात स्कोप १ म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेले इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज आणि स्कोप ३ म्हणजे उरलेली सगळी साखळी. फोन कंपन्यांचा जवळजवळ सारा भार या तिसऱ्या भागात असतो. सॅमसंगने सप्टेंबर २०२२ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (सोडलेल्या वायूंइतकेच भरून काढण्याचे) जे ध्येय जाहीर केले ते पहिल्या दोन भागांपुरते आहे. सॅमसंग स्वतः चिप तयार करते, त्यामुळे तिच्या पहिल्या दोन भागांतही बरेच काही येते हे खरे. तरी ‘शून्य’ हा शब्द वाचला की तो कोणत्या भागांना लागू आहे हे आधी शोधावे.

ॲपलच्या घटीबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. विजेचे उत्सर्जन दोन रीतींनी मोजता येते: ज्या ग्रिडवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर, कारखाना आहे त्या ग्रिडच्या सरासरीने, किंवा कंपनीने केलेल्या हरित ऊर्जेच्या करारांनुसार. दुसऱ्या रीतीने कोळशावर चालणाऱ्या ग्रिडवरील कारखानाही कागदावर स्वच्छ ठरू शकतो. पुरवठादारांना स्वच्छ विजेकडे वळवण्याचे ॲपलचे काम २०१५ पासून चालू आहे आणि त्यातून नवे सौर व पवन प्रकल्प उभे राहिले आहेत, त्यामुळे ही घट निव्वळ कागदी आहे असे मी म्हणणार नाही. ती यंत्रांच्या काटकसरीतून किती आली आणि वीज करारांतून किती, हे वेगळे काढून वाचावे, एवढेच.

‘कार्बन न्यूट्रल’ या शिक्क्याबाबत मी अधिक कठोर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने आपल्या घड्याळाच्या काही प्रकारांना हा शिक्का लावला. उत्सर्जन पुष्कळ कमी करून उरलेल्याची भरपाई पॅराग्वेतील निलगिरीच्या लागवडीसारख्या प्रकल्पांतून केली जाते, असा त्यामागचा आधार होता. जर्मनीतील एका पर्यावरण संघटनेने दाद मागितली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने अशी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली, कारण लागवडीखालील सुमारे तीन-चतुर्थांश जमिनीचे भाडेकरार २०२९ मध्येच संपणार होते. हवेत गेलेला कार्बन शतकानुशतके राहतो; झाडांची हमी मात्र काही वर्षांची होती. भारतातही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि दाव्यामागील पुरावा मागण्याचा आधार त्यामुळे येथील ग्राहकालाही मिळाला आहे. फेअरफोनलाही हीच कसोटी लावावी. ‘ई-कचऱ्याच्या बाबतीत तटस्थ’ हा तिचा दावा विकलेल्या प्रत्येक फोनमागे तेवढ्याच कचऱ्याच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्यावर उभा आहे. काम चांगलेच आहे, पण तुम्ही घेतलेल्या फोनचा कचरा त्यामुळे नाहीसा होत नाही.

आता निर्णयाला सर्वांत उपयोगी पडणाऱ्या मुद्द्याकडे येऊ, आणि तो दोन्ही अहवालांत सापडतो. आयफोन १३ च्या भारापैकी ८१ टक्के निर्मितीचा, २ टक्के वाहतुकीचा आणि १६ टक्के वापराचा आहे. म्हणजे खोके उघडण्याआधीच सुमारे ५३ किलो खर्च झालेले असतात आणि तीन वर्षांच्या चार्जिंगचे अवघे १० किलो होतात. हा आकडा आपल्याकडे ताडून पाहता येतो: या फोनची बॅटरी साधारण १२.४ वॅट-तासांची आहे, रोज एकदा पूर्ण चार्ज केली आणि चार्जरमधील गळती धरली तर वर्षाला साडेपाच ते सहा युनिट लागतात, आणि भारतात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला चार किलो. महाराष्ट्रातील कोळशाची वीज धरूनही निर्मितीपुढे हा भार लहानच राहतो.

ॲपलच्याच आकड्यांनी पुढचा हिशोब केला, तर तीन वर्षांनी फोन बदलणाऱ्याचा वार्षिक भार २१ किलोंच्या वर जातो, आणि तोच फोन पाच वर्षे वापरणाऱ्याचा १४ किलोंच्या आसपास राहतो. हा हिशोब वाचकाने स्वतः करावा लागतो, कारण अहवाल तीन वर्षांवर थांबतो. फेअरफोनच्या अभ्यासात मात्र पाच आणि सात वर्षांचे पर्याय मांडलेले आहेत. पाच वर्षांत वार्षिक भार सुमारे ३० टक्क्यांनी आणि सात वर्षांत ४० टक्क्यांहून अधिक घटतो, दुरुस्तीसाठी लागणारे सुटे भाग धरूनसुद्धा. हाताने काढता येणारी बॅटरी, साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येणारी स्क्रीन आणि पाच वर्षांची वॉरंटी या गोष्टी त्या हिशोबाशी जोडलेल्या आहेत. याच कारणाने ग्राहकाच्या कामाचा अहवाल म्हणून मी फेअरफोनला वरचे स्थान देतो.

युरोपात राहणाऱ्यांसाठी काम आणखी सोपे झाले आहे. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या स्मार्टफोनच्या मॉडेलवर दुरुस्तीयोग्यतेची श्रेणी आणि बॅटरी किती चार्जिंग फेऱ्या टिकेल हे दाखवणारे लेबल बंधनकारक आहे, आणि ते एकाच पद्धतीने मोजलेले असल्याने दोन कंपन्यांचे फोन शेजारी ठेवून पाहता येतात. तेथील मराठी वाचकाला सात वर्षे एकच फोन वापरायची तयारी असेल, तर फेअरफोन घ्यावा. महाराष्ट्रात आयफोन आणि इतर कंपन्यांमध्ये निवड करणाऱ्याने सुरक्षा अद्ययावतीकरण किती वर्षे मिळणार आणि आपल्या शहरात बॅटरी किती रुपयांत बदलून मिळते, हे दुकानात विचारावे; सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अद्ययावतीकरणाचे वचन दिले आहे. त्याचबरोबर गरजेपेक्षा मोठी मेमरी घेऊ नये, कारण मेमरी वाढली की चिप वाढते, आणि ॲपलच्या अहवालातही जास्त जीबीच्या प्रकारासमोर जास्त किलो लिहिलेले असतात. आणि ज्याचा सध्याचा फोन केवळ बॅटरी थकल्यामुळे नकोसा झाला आहे, त्याने कोणताही नवा फोन घेण्याआधी बॅटरी बदलून पाहावी.