क्वेरी स्टोअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एसक्यूएल सर्व्हर 2017 वरच्या आमच्या ऑर्डरच्या डेटाबेसला क्वेरी स्टोअर (कोणती क्वेरी कोणत्या प्लॅनने, किती वेळात चालली याची नोंद ठेवणारी सोय) चालू करून आठ महिने झाले. आधी महिन्यातून एखाद्या दिवशी "आज सगळं हळू चाललंय" अशी तक्रार यायची. मी बघायला जाईपर्यंत जुना प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा सर्व्हरने ठरवलेला मार्ग, कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) गेलेला असायचा. सकाळी नेमका कोणता प्लॅन चालला, हे दुपारी सांगताच येत नसे.

ग्राहकाच्या ऑर्डरींची यादी आणणारी एक क्वेरी होती. महिन्याची सरासरी 400 मिलिसेकंद, म्हणून तिच्यावर कधी संशय आला नाही. क्वेरी स्टोअरच्या आलेखात मात्र तिचे ठिपके दोन रंगांत दिसले: एका प्लॅनचे 30 मिलिसेकंदांच्या आसपास, दुसऱ्याचे थेट 9 सेकंदांवर. स्टॅटिस्टिक्स (टेबलमधल्या डेटाचा सर्व्हरने ठेवलेला अंदाज) अपडेट झाले की क्वेरी नव्याने कंपाइल व्हायची, म्हणजे तिचा प्लॅन पुन्हा ठरायचा. नेमका पहिला कॉल हजारो ऑर्डरी असलेल्या ग्राहकाचा आला, तर इंडेक्स सीकऐवजी (इंडेक्सवरून थेट हव्या त्या ओळींवर जाण्याऐवजी) अख्ख्या टेबलचं स्कॅन ठरायचं आणि पाच ऑर्डरीवाल्यालाही दिवसभर तेच. पहिल्या कॉलच्या व्हॅल्यूवरून सगळ्यांचा प्लॅन ठरण्याचा हा प्रकार, पॅरामीटर स्निफिंग, माहीत होता, पण पुरावा असा पहिल्यांदाच हातात आला. चांगला प्लॅन फोर्स केला, म्हणजे तोच वापरायचा असं सर्व्हरला बजावलं, तक्रारी थांबल्या.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या. त्या प्लॅनला लागणारा इंडेक्स कुणीतरी काढून नव्या नावाने बनवला होता. फोर्स केलेला प्लॅन लागू झाला नाही तरी क्वेरी एरर देत नाही, नेहमीसारखी कंपाइल होऊन चालते. आणि यादीत प्लॅन 'फोर्स्ड'च दिसतो. फेल्युअर रीझनच्या कॉलममध्ये 'नो_इंडेक्स' लिहिलेलं होतं, आम्हीच तिथे बघत नव्हतो. आता फेल्युअर काउंट शून्याच्या वर गेला की मेल येतो.

जागेचं आधीच बघा. 2017 च्या आवृत्तीत डिफॉल्ट मर्यादा 100 एमबी आणि कॅप्चर मोड (कोणत्या क्वेरी नोंदवायच्या) 'ऑल', म्हणजे सगळ्या, असा असतो. आमच्या कोडमध्ये काही ठिकाणी व्हॅल्यू थेट क्वेरीत चिकटवलेल्या, त्यामुळे प्रत्येक क्वेरी वेगळी धरली गेली. तीन आठवड्यांत जागा भरली, स्टोअर गुपचूप रीड-ओन्ली झालं आणि पुढच्या चार दिवसांची नोंदच नाही. मोड 'ऑटो' (किरकोळ क्वेरी वगळणारा) आणि मर्यादा 1000 एमबी केल्यापासून त्रास नाही. 2019 च्या आवृत्तीपासून डिफॉल्टच तसे आहेत. नोंदींचा इंटरव्हल 60 मिनिटांवरून 15 वर आणला, सकाळची गर्दी वेगळी दिसते.

2022 च्या आवृत्तीत नव्या डेटाबेसला क्वेरी स्टोअर आपोआप चालू असतं. जुना डेटाबेस रिस्टोअर करून नेलात तर त्याची जुनी सेटिंग तशीच येते, ती एकदा तपासा.