रेझिन प्रिंटर, नऊ महिने: डब्ल्यूडीएम-२, मंगलोरी कौलं आणि एक लाल एसटी

छोटी रेल्वे मॉडेलं करायला गेल्या दिवाळीत रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतला, त्याला आता नऊ महिने झाले. यात भांड्यातलं पातळ रेझिन खालच्या स्क्रीनच्या उजेडाने थराथराने घट्ट होत भाग तयार होतो. एवढ्यात चार किलो रेझिन संपलं, भांड्याच्या तळाची फिल्म दोनदा बदलली, एकदा स्क्रीनही बदलावी लागली. त्यातून १:८७ मापाचं (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि एका छोट्या स्टेशनचं छप्पर उभं राहिलं, एक एसटी अर्धी झाली आहे. घेण्याआधी मला कोणी सांगितलं नव्हतं ते आधीच सांगतो. या यंत्रावर अख्खं इंजिन छापायला जाऊ नका. बारीक आणि पुन्हा पुन्हा लागणारे भाग त्याच्याकडून काढून घ्या, लांब आणि सरळ भाग हातानेच कापा. हे कळायला मला तीन महिने आणि दीड किलो रेझिन लागलं.

आधी मी सगळं प्लास्टिकच्या शीटमधून कापत होतो. आपल्याकडची इंजिनं तयार मिळणं कठीण, त्यामुळे परदेशी इंजिनाची चेसिस घ्यायची आणि वरचा सांगाडा आपण बांधायचा, अशी पद्धत. डब्ल्यूडीएम-२ मूळ अमेरिकन अल्को कंपनीचं, २६०० अश्वशक्तीचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. घोरपडीच्या शेडबाहेर उभं राहून मी लहानपणापासून हेच इंजिन बघत आलो. केबिनच्या एका बाजूला असलेल्या त्याच्या लांब नाकाडावर दारांच्या रांगा आणि हवेसाठीच्या झडपा असतात. त्या झडपांच्या पट्ट्या हाताने कापून एकसारख्या चिकटवताना माझे डोळे आणि मान दोन्ही जायचे. केवळ त्यासाठी मी प्रिंटर घेतला.

त्या कामात यंत्राने पुरेपूर साथ दिली. थर ०.०५ मिमीचा ठेवतो, म्हणजे खऱ्या इंजिनावर साधारण ४.३५ मिमी. कडीकोयंडे, बिजागऱ्या, हेडलाइटची कड, सगळं स्वच्छ उतरतं. दुसरं सुख वेळेचं. यात एक थर एका झटक्यात उजळतो, म्हणून किती वेळ लागेल ते भागाच्या उंचीवर ठरतं, संख्येवर नाही. ३० मिमी उंचीचा एक भाग छापा की बारा, ६०० थर म्हणजे ६०० थर, माझ्या सेटिंगला पावणेदोन तास. म्हणून मी कधीच एक भाग छापत नाही, भाग जिला चिकटून तयार होतात ती प्लेट भरूनच लावतो.

बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीच्या, बाजू हे माझं सगळ्यात आवडतं काम. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमीचा, १:८७ ला तो १९.२६ मिमी व्हायला हवा. पण बाजारातला एचओ (याच १:८७ मापाच्या मॉडेलांचा) रूळ १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून आला. त्यामुळे आपलं इंजिन त्या चेसिसवर ठेवलं की खालून चिमटल्यासारखं दिसतं. मी बोगीच्या बाजू दोन्हीकडे साधारण १.४ मिमी बाहेर घेऊन छापल्या. चाकं आतच राहिली, पण बाजूने किंवा तिरकं पाहिलं तर इंजिनाला त्याची खरी बैठक मिळाली. या बोगीत तीन आसांमधली अंतरं सारखी नसतात, तो असमानपणाही नीट आला. मापं मी बाजूने काढलेल्या फोटोंवरून घेतली. चाकाचा व्यास १०९२ मिमी हे ठाऊक असलं की फोटोतली बाकी प्रत्येक गोष्ट त्यावरून मोजता येते. चाक नवं असेल तर, हे मात्र लक्षात ठेवा; झिजलेलं चाक लहान असतं.

आता जिथे हरलो ते. इंजिनाची लांबी बफरसकट १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास १९७ मिमी. माझ्या प्रिंटरच्या प्लेटवर एवढं बसत नाही. छोटं नाक, केबिन आणि लांब नाक असे वरचे तीन तुकडे करणं सोपं गेलं, खऱ्या इंजिनावरही सांधे तिथेच आहेत. पण खालचा फूटप्लेट, म्हणजे हे सगळं ज्यावर उभं असतं तो लांब पाट, दोन तुकड्यांत छापला आणि दोन्ही वेळा तो वाळताना केळ्यासारखा वाकला. गरम पाण्यात घालून सरळ केला, आठवड्याने पुन्हा वाकला. शेवटी एक मिमीची शीट आणि खाली पितळेची पट्टी लावून हाताने केला. एका संध्याकाळचं काम होतं. कठड्यांचंही तेच. छापलेला दांडा बोट लागताच मोडतो. ०.४ मिमीची पितळी तार वाकवा, भोकात बसवा, फेव्हिक्विकचा थेंब द्या, वर्षानुवर्षं टिकेल.

पोकळ भाग छापताना एक चूक सगळेच करतात, मीही केली. नाकाचा भाग टोपीसारखा उपडा ठेवला. प्रत्येक थराला आत हवा नसल्याने चोखल्यासारखी ओढ बसते आणि भाग प्लेटवरून सुटतो किंवा भिंतीवर वळ्या पडतात. भोकं ठेवा, भाग तिरका ठेवा.

स्क्रीनची गोष्ट जरा लागली मनाला. चौथ्या महिन्यात फिल्मला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं, रेझिन खाली गळून काचेवर घट्ट झालं. विकणाऱ्याने ते वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. नव्या स्क्रीनचे साडेचार हजार गेले. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या कामाआधी भांड्यात साधं पाणी ओतून, खाली टिश्यू ठेवून पाहतो आणि भांडं पूर्ण कोरडं करूनच रेझिन घालतो. स्क्रीनवर संरक्षक काच मिळते, ती पहिल्या दिवशीच लावा.

ऋतूंचाही परिणाम होतो. डिसेंबरात पुण्याच्या पहाटेला रेझिन मधासारखं दाट होतं आणि छपाई फसते. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून, हलवून मगच ओततो. एप्रिलात उलट: छापून अल्कोहोलने धुतलेले भाग गच्चीवर उन्हात ठेवले की बघता बघता पक्के होतात, पण विसरलात तर पिवळे पडून ठिसूळ होतात. माझ्या आठ बोगीबाजू अशाच गेल्या. पावसाळ्यात धुण्याचं अल्कोहोल हवेतली ओल खेचतं आणि भाग चिकट राहतात. डबा घट्ट बंद ठेवायचा.

आणि हातमोजे. हे मी कळकळीने सांगतो. सुरुवातीला दोनदा उघड्या हाताने भाग उचलले, मनगटावर पुरळ आलं ते तीन आठवडे गेलं नाही. नायट्राइलचे हातमोजे, बंद गॅलरीत एक्झॉस्ट पंखा, घासताना पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर आणि तोंडाला मास्क. उरलेलं रेझिन आणि मळलेलं अल्कोहोल मोरीत कधीही ओतू नका. कचरा उन्हात पूर्ण घट्ट करून मग टाकायचा. घरात लहान मूल असेल आणि वेगळी खोली नसेल, तर मी म्हणेन थांबा.

इमारतीत हिशेब पुन्हा तोच. काळ्या दगडाची भिंत छापून पाहिली, पण एकच तुकडा चार वेळा लावला की डोळा लगेच पकडतो. सनबोर्डवर (हलक्या फोमच्या शीटवर) रिकाम्या बॉलपेनने दगड कोरले तर प्रत्येक दगड वेगळा येतो आणि खर्च जवळपास नाही. छपराची मंगलोरी कौलं मात्र प्रिंटरचीच. पट्ट्यापट्ट्यांनी छापली, दोन-चार कौलं मुद्दाम सरकलेली ठेवली. वळचणीची लाकडी झालर अर्ध्या मिलिमीटर जाडीची निघाली, ती पाहून आई म्हणाली, “हे आपल्या गावच्या स्टेशनसारखंच आहे रे.” कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना कळेल की गाडीपेक्षा तिच्या आजूबाजूचं गाव माणसाला जास्त वेळ धरून ठेवतं.

म्हणून स्टेशनबाहेर एसटी हवीच होती. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि डेक्कन क्वीन सुरू झाली तीही १ जूनलाच, १९३० साली. ही तारीख माझ्या टेबलावर चिकटवलेली आहे. बसचा सांगाडा शीटचा. खिडक्यांचे गज, टपावरची शिडी, आरसे आणि चाकं छापलेली. काचांना ओएचपीची पारदर्शक शीट.

इंजिन रंगून झालं: गडद लाल, मधे पिवळा पट्टा, धुराड्याभोवती काळ्या पेस्टलची पूड, कारण अल्को काजळी ओकल्याशिवाय ओळखू येत नाही. बोगीवर ब्रेकच्या लोखंडी भुग्याचा तांबूस रंग दिला. रंगाआधी भाग भांड्याच्या साबणाने धुवून पूर्ण वाळवा, नाहीतर प्रायमर सोलून निघतो.

एसटी प्रायमर लावून आठ दिवस डब्यात बसली आहे. बाहेर आषाढाची झड लागली आहे, आणि अशा ओल्या हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. दोन दिवस उघडीप मिळाली की लाल रंगाचा पहिला हात मारणार.