नोटा, आघाडी की स्वाभिमानी? हातकणंगल्यातल्या ऊसवाल्या मतदारासाठी

महायुती आणि महाविकास आघाडी या दोन्ही मोठ्या आघाड्यांवरचा विश्वास उडालाय, पण मत तर द्यायचंय, अशा अवस्थेत असलेल्या आपल्या भागातल्या मतदारांसाठी हे लिहितोय. माझा ऊस शिरोळ तालुक्यात आहे. घरचं मत आजोबांपासून ठरलेलं होतं. ते मोडून गेल्या काही निवडणुकांत मी नोटा, आघाड्या आणि राजू शेट्टींचा शेतकऱ्यांचा पक्ष स्वाभिमानी, या तिन्ही पर्यायांची बटणं दाबून पाहिली आहेत. एफआरपी म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आधी नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हे बटण. ही सोय २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आली. त्याआधी ‘कुणालाच मत नाही’ असं म्हणायचं तर केंद्रावरच्या रजिस्टरात तशी नोंद करून सही करावी लागायची, म्हणजे गावाला कळायचंच. आता गुप्तपणे राग नोंदवता येतो, हे चांगलं झालं. पण पुढं काय? २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. निवडून आलेले उमेदवार तरीही लाखाच्या वर फरकानं आमदार झाले. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी त्याच्या खालचा उमेदवार विजयी ठरतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये नियम केला, की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. तेवढ्यापुरतं त्या बटणाला वजन आहे.

माझी अडचण वेगळी होती. नोटा दाबून आलो तेव्हा त्या दिवशी बरं वाटलं. पण मला कशाचा राग आलाय हे त्या मतातून कुणालाच कळलं नाही. ऊसदराचा, रस्त्याचा, की उमेदवाराच्या जातीचा? सगळे राग एकाच आकड्यात मिसळतात. आणि हंगाम सुरू झाल्यावर नोटाला फोन लावता येत नाही.

मोठ्या आघाड्यांचं म्हणाल, तर त्यांची जमेची बाजू खरीच मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. निधी त्यांच्याकडे येतो. पाणंद रस्ता, पूल, ट्रान्सफॉर्मर, दवाखान्याचं पत्र, मुलाची बदली, ही कामं त्यांच्याच माणसांकडून होतात. आमच्या वस्तीचा रस्ता एका सत्ताधारी आमदारांनीच करून दिला, त्याबद्दल मी आजही त्यांना हात जोडतो. तुमचा प्रश्न असा निधीचा असेल, तर फार विचार न करता त्यातल्या त्यात बरा माणूस बघा आणि मत द्या.

माझा प्रश्न उसाच्या बिलाचा होता आणि माझं मत तिथं फिरलं.

एका हंगामात जानेवारीत ऊस कारखान्याला गेला. कायद्यानं चौदा दिवसांत पैसे जमा व्हायला हवेत, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे आणि त्यात हे स्पष्ट लिहिलंय. पाडवा आला तरी बिलाचा पत्ता नव्हता. सोसायटीचं कर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, मुलीच्या कॉलेजची फी, सगळं एकदमच दाराशी आलं. मी ज्यांना मत दिलं होतं त्यांच्या ऑफिसात गेलो. चहा आला, विचारपूस झाली. म्हणाले, “चेअरमन आपलेच आहेत, बोलतो मी.” महिनाभर काही झालं नाही. मग विरोधी आघाडीच्या तालुक्यातल्या नेत्याकडं गेलो. म्हटलं, हे तरी आवाज उठवतील. तिथंही चहा आला आणि शब्दसुद्धा तेच: “चेअरमन आपलेच आहेत, जरा दमानं घ्या.”

माझं डोकं तिथं उठलं. व्यक्तींचा दोष मी मानत नाही. आपल्या भागाची घडीच अशी बसली आहे. कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि आमदारकी मोजक्या घरांत फिरते. कुणी या आघाडीत असतो, कुणी त्या, आणि पुढच्या निवडणुकीला ते जागा बदलतात. पुलाच्या उद्घाटनावरून त्यांच्यात खरीच स्पर्धा असते, पण उसाच्या दरावरून नसते. त्या एका बाबतीत मतपत्रिकेवर दोन नावं असली तरी मला एकच पर्याय होता.

दुसरी एक गोष्ट त्याच वर्षी लक्षात आली. ऊस नोंदीच्या फॉर्मवर आपण सह्या करतो, त्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती: एफआरपी हप्त्यानं घ्यायला सभासदाची संमती आहे. कारखान्याच्या शेती ऑफिसात उभ्या उभ्या सही करताना कोण वाचतंय? व्याज मागायला गेलं की तो कागद पुढं येतो. दोन्ही आघाड्यांच्या नेत्यांना ती ओळ ठाऊक होती, पण शेतकऱ्याला कुणी सांगितली नव्हती.

ती मला दाखवली स्वाभिमानीच्या एका पोरानं. गावातलाच, मोटारसायकलवर फिरणारा, पदरचं पेट्रोल घालणारा. आमच्या शिवारात त्या साली तोडीला टोळी एकरी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागत होती, शिवाय ट्रॅक्टरवाला प्रत्येक खेपेला एंट्रीचे पैसे घ्यायचा. तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला सांगितलं तर तो म्हणे, द्यायचं नसलं तर पाळी मागं जाईल. पाळी मागं गेली की उसाला तुरा (फुलोरा), आणि तुरा आला की वजनात मार. हा पोरगा आणखी चार-पाच जणांना घेऊन शेती ऑफिसात गेला, टेबलासमोर उभा राहिला आणि नावं लिहून घ्यायला लावली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या शिवारात तरी मागणी थांबली. सगळीकडं थांबते असं मी म्हणणार नाही. पण माझ्या बाबतीत उत्तर देणारा माणूस मला त्या पक्षातच भेटला, आणि त्याला “चेअरमन आपलेच आहेत” म्हणायची गरज नव्हती.

आता या पक्षाचे दोष. राजू शेट्टी २००४ मध्ये शिरोळचे आमदार झाले, २००९ मध्ये स्वतःच्या बळावर खासदार. ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत लोकांनी स्वतःच्या खिशातून प्रचार चालवला, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०१४ ला महायुतीबरोबर, २०१७ मध्ये बाहेर, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर, २०२२ मध्ये महाविकास आघाडीतूनही बाहेर. प्रत्येक वेळी त्यांची कारणं होती, त्यातली काही मला पटली, काही नाही. पण ज्या कारखानदारांविरुद्ध आंदोलनात लाठ्या खाल्ल्या त्यांच्याच व्यासपीठावर आपला नेता बसलेला बघणं साध्या कार्यकर्त्याला फार जड गेलं. दुसरा दोष, माणसं टिकत नाहीत. पक्षाचे सदाभाऊ खोत मंत्री झाले आणि वर्षभरात वाटा वेगळ्या झाल्या. २०१९ मध्ये मोर्शीहून निवडून आलेले एकुलते एक आमदार देवेंद्र भुयार हेही पक्षात राहिले नाहीत. बुलढाण्याचे रविकांत तुपकर २०२४ ला अपक्ष लढले. पक्ष एका माणसाभोवती उभा असला की दुसरा मोठा होऊ लागताच ओढाताण सुरू होते. शिवाय मान्यताप्राप्त नसलेल्या पक्षाला मुक्त चिन्हांतून चिन्ह घ्यावं लागतं. आमच्या आईसारख्यांना दर वेळी ‘या खेपेला कुठलं?’ हे सांगावं लागतं.

आणि सगळ्यात जड प्रश्न: मत वाया जाईल का? २०२४ च्या लोकसभेला हातकणंगल्यात महायुतीचे धैर्यशील माने जिंकले ते साडेतेरा हजारांच्या आसपासच्या फरकानं. शेट्टी तिसरे आले, पण त्यांना पावणेदोन लाखांच्या वर मतं होती. दुसऱ्या क्रमांकावरच्या महाविकास आघाडीच्या सत्यजित पाटील सरूडकरांच्या समर्थकांना आजही ते खुपतं आणि मला त्यांचं दुःख समजतं. ज्यांना दिल्लीतलं सरकार बदलणं हाच मुख्य प्रश्न वाटत होता, त्यांनी शेट्टींना मत दिलं नाही तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. पण उलटही झालंय. २०१९ ला शेट्टी पडले तेव्हा वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला मिळालेली मतं पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. म्हणजे मतविभागणीचा फटका छोट्या पक्षालाही बसतो.

यावर आपल्याकडं एक वाक्य पारावर हमखास ऐकू येतं: आंदोलनाला शेट्टी, मताला आघाडी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. नोव्हेंबर २०२३ आठवा. ऊसतोड रोखून धरली, पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीला ठिय्या बसला आणि त्याच रात्री तोडगा निघाला: आधीच्या हंगामात टनाला तीन हजारांच्या आत दर दिलेल्या कारखान्यांनी शंभर, वर दिलेल्यांनी पन्नास रुपये जादा द्यायचे. एकरी चाळीस टनाला शंभराच्या हिशेबानं चार हजार होतात. ते ठरले सगळ्यांसाठी, रस्त्यावर न आलेल्यांसाठीही. सहा महिन्यांनी मतं मात्र दुसरीकडं पडली.

मला वाटतं, हे वाक्य आपल्याच अंगावर येतं. रस्त्यावर किती माणसं बसलीत हे चेअरमन बघतातच, पण त्यांतली किती मतदान केंद्रावर जाऊन त्याच बाजूला राहतात हेही बघतात. २०२४ नंतरच्या हंगामात कारखान्याच्या माणसांच्या बोलण्यातला सूर बदललेला मला जाणवला. मोजून दाखवता येणार नाही, पण शेती ऑफिसात उभं राहिलं की कळतं.

तरीही मत कमी पडलेल्या या संघटनेनं एक काम केलंच. राज्य सरकारनं २०२२ मध्ये एफआरपी हप्त्यात द्यायची मुभा देणारा निर्णय काढला होता. त्याविरुद्ध शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. खासदारकी नसताना, आमदार नसताना. दोन्ही आघाड्यांनी आळीपाळीनं सत्ता भोगली त्या काळातला हा निर्णय. तो हटवायला त्यांच्यातला कुणी पुढं आलेला मला आठवत नाही.

इचलकरंजीत राहणाऱ्या, यंत्रमागावर पोट असलेल्या मतदाराला मी हे सगळं तसंच लागू करणार नाही. तिथला पाण्याचा प्रश्न मोठ्या सत्तेशिवाय सुटणं अवघड आहे, आणि नदीकाठचा शेतकरी व शहर अशी ओढाताण असते तिथं शेतकऱ्यांचा पक्ष अडकतो. त्यांनी निधी आणणाऱ्याकडं बघावं, हेच बरं.

उसावर घर चालत असेल तर माझं म्हणणं असं: लोकसभेला दिल्लीचं गणित बघून तुम्ही वेगळं ठरवलंत तर समजण्यासारखं आहे. विधानसभेला उमेदवार कारखान्याच्या संचालक मंडळाशी कसा बांधलेला आहे ते आधी विचारा. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मात्र तिथं स्वाभिमानीचा उमेदवार असेल तर एकदा द्याच. या निवडणुका अनेकदा थोड्या मतांच्या फरकानं फिरतात, इथं मत वाया जायची भीती कमी, आणि शेती ऑफिसात तुमच्याबरोबर उभा राहणारा माणूस याच पातळीवर तयार होतो. आमच्या गटात मी त्या मोटारसायकलवाल्या पोराला उभं राहायला सांगितलंय. आघाडीत जाणार असशील तर आधी गावात येऊन सांग, एवढी एकच अट घातली आहे. माझी नोट मी त्याच्याकडं आधीच देऊन ठेवली आहे.